थोडासा फरक

डॉक्टर कुणाला ‘कसं काय’ किंवा ‘बरं आहे ना’ असं विचारत नसत. मान किंचित तिरकी करून समोरच्याकडे बघत आणि म्हणत, “फरक?” बस्स, एवढंच. मला एकदा ताप येऊन गेला, तेव्हा जिन्याखालून त्यांनी हाच एक शब्द वर फेकला होता. त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, गुडघा, गळका नळ, शेजारच्या दोन भावांचं भांडण, गावात नवा आलेला तलाठी, सगळ्यांना एकच प्रश्न.

शब्द गोठ्यातून आलेला होता. डॉक्टर ढोरांचे डॉक्टर. सगळी नोकरी वाशीम जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी मालेगावात, म्हणजे आमच्या इकडच्या लोकांना आठवतं त्या नाशिककडच्या नव्हे, वाशीम रोडवरच्या या मालेगावात घर बांधलं. वरच्या मजल्यावर मी भाडेकरू होतो. बँकेच्या बदलीनं सांगलीकडून आलेला, चाळिशी ओलांडलेला, एकटा.

निवृत्तीनंतरही शेतकरी त्यांना बोलवायचे. मी राहायला गेलो त्याच आठवड्यात सकाळी एक जण मोटरसायकलवर आला. फाटकातूनच म्हणाला, “जयभीम डॉक्टरसाहेब. बैलाले थोडासा फरक हाये बरं.” मला वाटलं, निरोप चांगला आहे. डॉक्टरांनी मात्र हातातला चहा तसाच ठेवला, पायात चप्पल सरकवली आणि बॅग उचलली.

“फरक आहे म्हणतोय ना तो?” मी विचारलं.

“थोडासा म्हनला न, साहेब. थोडासा फरक मंजे काईच फरक नाई. आपन सुई देल्ली, आपल्याले वाईट वाटू नये म्हून म्हनते बिचारा. खराच फरक पडला न, तं मानूस फरकाचं नाव काढत नाई. बैल वखराले जुपला, म्हनते.”

हे वाक्य मी तेव्हा गमतीचं म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. मी सतत अपराधी वाटून घेणारा माणूस आहे. तेव्हा आई धाकट्या भावाकडे होती, बायको मुलीची शाळा आणि घर एकटीनं सांभाळत होती, आणि मी इथे रोज रात्री गाढ झोपत होतो, याचंही मला वाईट वाटायचं. अशा माणसाला एक सवय लागते. तो कुणाला नाही म्हणत नाही. भाजीवाल्यानं शिळी मेथी दिली तरी मी ‘छान आहे’ म्हणून घ्यायचो. नळाचं पाणी गेलं हे सांगायला खाली उतरलो तर आधी दोनदा माफी मागायचो. डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, “साहेब, तुमी जलमले तवा पह्यले दाईची माफी मागतली असन.”

डॉक्टरांच्या पुढच्या खोलीत बुद्धाची एक तसबीर होती, एक वेताची खुर्ची होती आणि कमरेएवढे उंच दोन स्पीकर होते. बाकी काही नाही. टीव्ही स्वयंपाकघरात हद्दपार झालेला. खुर्चीच्या चारही पायांभोवती फरशीवर तेलरंगानं गोल काढलेले होते. खुर्ची त्या गोलांतून हलता कामा नये. एका विशिष्ट जागीच दोन्ही बाजूंचा आवाज येऊन मिळतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. काकू झाडू मारताना त्या खुर्चीला वळसा घालून जायच्या आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, “माह्या घरात एवढा मान कोन्या पावन्याले नाई भेटला.”

पहिल्यांदा मी त्या खोलीत गेलो तेव्हा डॉक्टर जमिनीवर मांडी घालून बसले होते, कानात स्टेथोस्कोप होता आणि त्याचं दुसरं टोक स्पीकरच्या लाकडी खोक्याला लावलेलं होतं. गाणं चालू होतं. मला त्यांनी हातानंच गप्प बसवलं. नळी खोक्यावर इकडून तिकडे सरकवत, गाईचं पोट तपासावं तशी, ते बराच वेळ ऐकत राहिले.

“याचं पोट वाजून राह्यलं,” ते शेवटी म्हणाले. “पडदा वाजावा, पोट नाई वाजावं.”

“मग?”

“गाय असती तं तेल पाजलं असतं.”

त्या पोटावर त्यांनी वेगळा इलाज केला. कारंज्याच्या जिनिंगवरून सरकी काढलेला स्वच्छ कापूस आणला, खोकी उघडली आणि आत तो हलक्या हातानं भरला. कापूस काकूंनी गाद्यांसाठी सांगून ठेवला होता. “मानसं चटईवर, डब्बे गादीवर,” असं म्हणून त्या आत गेल्या. पण पोट वाजायचं थांबलं, हे मलाही कळलं. तेव्हा मी म्हटलेलं ‘फरक आहे’ हे खरं होतं. ते नोंदवून ठेवतो, कारण पुढे तसं राहिलं नाही.

एक अँपलिफायर पुरत नाही, दोन लावले पाहिजेत, हे खूळ त्यांच्या डोक्यात गावातल्या मंडपवाल्यानं घातलं. लग्नातल्या साउंडचं काम करणारा तो माणूस. “दोन अँप लावा डॉक्टरसाहेब, आवाज सुट्टा होते,” असं म्हणाला. ‘सुट्टा’ हा शब्द डॉक्टरांना भलताच आवडला. त्यांनी माहिती काढली, मोबाईलवर तासन्‌तास वाचलं, आणि एका संध्याकाळी मला खुर्चीत बसवून शिकवलं.

“हा खालता मोठा पडदा पाहा. हे म्हैस. ढोलकी, बुलंद आवाज, सारं हिच्याकडं. आन् हे वरतं बारकं गोल हाये न, हे बकरी. बांगडी, टाळ, चिमनी, हिच्याकडं. आता मले सांगा, म्हैस आन् बकरी एकाच गव्हानीवर बांधली तं काय होईन?”

“म्हैस सगळा चारा खाईल.”

“हाव! म्हैस मुंडी घालीन आन् बकरी बाजूले उभी राहीन. म्हून गव्हानी दोन. म्हशीले तिचा अँप, बकरीले तिचा. कोनी कोनाचं खायाचं नाई.”

स्पीकरच्या पाठीमागे वायर जोडायच्या स्क्रूंच्या दोन जोड्या होत्या, खालची म्हशीची आणि वरची बकरीची. कंपनीकडून येताना त्या दोन जोड्या पितळी पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. एकच अँप असेल तर पट्ट्या हव्यातच. दोन लावायचे असतील तर पट्ट्या आधी काढायच्या. या पट्टीला डॉक्टर ‘दावं’ म्हणत. दावं सोडल्याशिवाय दुसरा अँप जोडला तर दोन अँप एकमेकांच्या अंगावर जातात. पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात ते दावं सोडायला विसरले. जळका वास माझ्या खोलीपर्यंत आला होता. तो मेलेला अँप काकूंनी धुऊन पुसून माठाखाली ठेवला, आणि माठ त्यावर छान बसला.

“एका नवऱ्याले दोन अँप,” त्या मला म्हणाल्या. “उद्या म्हनतीन, बायका बी दोन पायजे. एक बोलाले, एक आयकाले.”

“आयकनारी कुठं भेटते?” डॉक्टर आतून म्हणाले.

त्यानंतर दुसरा जुना अँप आला. तेव्हापासून सोडलेली दावी दाराशेजारच्या एका खिळ्याला टांगलेली असत. खिळ्यावर पट्ट्या दिसल्या म्हणजे दोन्ही अँप जोडलेले आहेत. खिळा रिकामा म्हणजे एकच. घरात येणाऱ्या कुणालाही आधी खिळा बघता यावा, अशी ती जागा होती.

मला वाटायचं, हा सगळा खटाटोप गाण्यांच्या आवडीपोटी आहे. तसं नव्हतं. डॉक्टर जगातली सगळी गाणी चवीला लावायचे आणि दोन ओळींत बंद करायचे. खरं ऐकायचं एकच असायचं.

धनजकडच्या त्यांच्या गावात त्यांच्या वडिलांची गायनपार्टी होती. वडील दिवसा दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि जयंतीच्या दिवसांत गावोगाव गायचे. एका कार्यक्रमाला कुणीतरी टेपरेकॉर्डर लावला होता. त्या कॅसेटवरून पुढे पेनड्राइव्हवर उतरवलेलं एक गाणं डॉक्टरांजवळ होतं. खरखर होती, कुत्रं भुंकत होतं, मध्येच कुणीतरी खोकत होतं. पण आवाज असा की मान आपोआप वर व्हावी. पेटी, ढोलकी, आणि टाळ. टाळ वाजवणारे खुद्द डॉक्टर. तेव्हा ते पशुवैद्यक कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. सुट्टीला घरी आले होते, आणि नेहमीचा टाळकरी आला नाही म्हणून वडिलांनी त्यांना ओढून बसवलं.

“मले तालाचं काय समजते?” डॉक्टर सांगायचे. “तिसऱ्या कडव्याले माहा टाळ चुकला. उशिरा पडला, सपशेल उशिरा. आन् बाप गाता गाता हासला. आयका.”

आणि खरंच, तिसऱ्या कडव्यात तो चढा आवाज क्षणभर फुटतो, हसू बाहेर पडतं, “अरे डागदर!” असे दोन शब्द येतात, आणि त्याच श्वासात ओळ पुन्हा उचलली जाते. मी ते ऐकलं तेव्हा मलाही हसू आलं. टाळ कसा अडखळतो, मग कसा घाईनं मागून येतो, सगळं स्वच्छ होतं.

डॉक्टरांच्या वडिलांचा एकही फोटो नव्हता. “बाप आन् मी, दोघंबी एका जागी, असं एवढंच हाये माह्यापाशी,” ते म्हणाले. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “गंमत पाहा साहेब. बापाचं हासू आयकू येते. पन बाप कायले हासला, थे आयकू येत नाई. टाळ कुठंसा दबून गेला. पह्यले येत होता. कॅसेटवर साफ येत होता.”

मी गप्प राहिलो. टाळ मला ऐकू आला होता.

इथून पुढचा सगळा उद्योग त्या एका चुकलेल्या टाळासाठी होता. कापूस त्यासाठीच आला होता, आणि दुसरा अँपही. दर चार-आठ दिवसांनी काहीतरी बदलायचं. वायर जाड व्हायची, स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे यायचे. मग मला खाली बोलावणं यायचं, मी खुर्चीत बसायचो, तिसरं कडवं यायचं, हसू यायचं, आणि डॉक्टर मान तिरकी करायचे.

“फरक?”

“थोडासा आहे,” मी म्हणायचो.

का म्हणायचो? त्यांनी दिवसभर खपून काहीतरी केलेलं असायचं. आणि मला वाटायचं, माझ्यासारख्या अडाण्याला त्यातलं काय कळतं? फरक असेलही. दोन अँपवर आवाज मोकळा वाटतो असं जाणकार म्हणतात. एकदा तर मला खरंच वाटलं. नंतर लक्षात आलं की त्या दिवशी आवाज नुसता मोठा होता. जरा मोठ्यानं वाजलेलं कानाला नेहमीच चांगलं वाटतं, हे डॉक्टरांनीच मला शिकवलं होतं. ते मोबाईलवर आवाज मोजून दोन्ही वेळा सारखा ठेवत. एवढे काटेकोर.

पण बकरीच्या अँपची कळ हळूहळू पुढे सरकत होती. दिवाळीपर्यंत टाळ सुयांसारखा टोचायला लागला. वडिलांच्या आवाजातल्या ‘स’ला धार आली. खोलीत बसवेना. काकू चपात्या लाटताना कानात कापूस घालायच्या. “स्पीकरातून उरला तो कामी आला,” म्हणायच्या.

तरी मला नेमकं काय ते कळलं नव्हतं. कळलं ते मानोऱ्याच्या वाटेवरच्या एका गोठ्यात. त्या रविवारी मी सहज त्यांच्यासोबत गेलो होतो. गाभण म्हैस होती. डॉक्टरांनी हल्लीचं ते टोकाला आकडे दाखवणारं थर्मामीटर लावलं. ताप मोजून झाला की ते बारीक शिट्टी देतं. शिट्टी झाली. डॉक्टर म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभेच. पुन्हा शिट्टी झाली. मालकाची म्हातारी आई खाटेवरून म्हणाली, “डॉक्टरसाहेब, थे कवाचं कुईकुई करून राह्यलं न बाप्पा.”

डॉक्टरांनी थर्मामीटर काढलं, आकडा पाहिला. “करू द्या,” ते हसत म्हणाले. “पक्कं होऊ देलं.” पण त्यांचे कान लाल झाले होते. 

त्याच संध्याकाळी काकूंनी मला स्वयंपाकघरात थांबवलं. “तुमाले समजलं न?”

मी मान हलवली.

“कुकरच्या शिट्ट्या नाई येत त्याहिले. चिमन्या नाई. मी म्हनलं अकोल्याले जाऊन कान दाखवा, तं म्हनतात, तुह्या बोलन्यानंच गेले. तुमी सांगा न. तुमचा भरोसा करतात थे.”

“माझं कसं ऐकतील, काकू?”

“माह्यं मंजे भांडन होते. तुमचं मंजे मत होते.”

मी हो म्हणालो. अर्थात हो म्हणालो. आणि सांगितलं नाही. रोज जिना उतरताना ठरवायचो, आणि खाली गेलो की तो माणूस स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन इतक्या आशेनं बसलेला असायचा की माझ्या तोंडून ‘थोडासा’ निघायचं. सांगितलं तर काय हिरावून घेणार होतो मी? डॉक्टरांची आशा साधी होती: टाळ टेपमध्ये आहे, यंत्रात कुठेतरी अडकलाय, आज ना उद्या सुटेल. दोष यंत्राचा होता तोवर इलाज होता.

मग त्यांनीच परीक्षा मांडली. एका रविवारी सकाळी मला बोलावलं, तेव्हा दोन्ही अँपवर काकूंची जुनी चादर घातलेली होती.

“बसा. आता मी दोनदा लावतो. एकदा एक अँप, एकदा दोन. कोन्तं कोन्तं, थे नाई सांगनार. तुमी फक्त सांगा, फरक हाये का.”

गाणं वाजलं. हसू आलं. डॉक्टर चादरीखाली हात घालून खुडबुड करत राहिले. पुन्हा गाणं वाजलं.

“फरक?”

मी थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. “दुसऱ्या वेळी... टाळ जरा सुटा वाटला. थोडासा फरक आहे.”

डॉक्टरांनी चादर उचलली. बकरीच्या अँपची पिन फरशीवर पडलेली होती. दोन्ही वेळा एकच अँप वाजला होता. मी वळून खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा होता. येतानाच पाहिला असता तर कळलं असतं.

“बकरी सकाळपासून उपाशी हाये, साहेब,” डॉक्टर म्हणाले. रागावले नव्हते. “तुमीबी गोठ्यातलेच निंघाले.”

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हात वर केला. “माफी नोका मागू. आता तुमी उठा, मी बसतो. तुमी लावा. पन दोघांले बंद केल्याशिवाय दाव्याले हात लावू नोका.”

ते खुर्चीत बसले आणि डोळ्यांवर दुपट्टा बांधला. मी आधी होतं तसंच, एका अँपवर, गाणं लावलं. मग दोन्ही बंद केले, दावी सोडली, वायरी जोडल्या, बकरीला खायला घातलं. मोबाईलवर आवाज मोजून सारखा केला. या कामाला वेळ लागतो. ते डोळे बांधून स्वस्थ बसून होते. काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मी पुन्हा गाणं लावलं. तिसरं कडवं. टाळ चुकला. हसू.

“ही दोन अँपची,” डॉक्टर म्हणाले. “नाई. थांबा. पह्यली होती दोनची.” मग दुपट्टा सोडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “टाळ आला का, साहेब? खरं सांगा. मले गोठ्यातलं नोका सांगू.”

काकूंनी पदर तोंडाशी धरला होता.

“आला,” मी म्हणालो. “दोन्ही वेळा आला. एका अँपवर आला, दोनांवर आला. मी पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशीही आला होता. माझ्या मोबाईलवर वाजवलं तरी येतो. अँपनं काही फरक पडत नाही डॉक्टर. थोडासाही नाही.”

डॉक्टरांनी दुपट्ट्याची घडी घातली. मग विचारलं, “थर्मामीटर किती येळ वाजत होतं त्या दिशी?”

“बराच वेळ.”

“हं,” ते म्हणाले. उठले, बकरीची पिन काढली आणि वायर नीट गुंडाळून ठेवली. दाराशी काकूंना म्हणाले, “चहा ठेव.” बस्स.

त्यानंतर खालची खोली बंद राहिली. मला झोप लागेना. अंधारात मी हिशेब मांडत बसायचो की मी खरं बोललो की नुसता क्रूर वागलो. इतके महिने खोटं बोलून जे जपलं होतं ते एका दमात मोडलं, आणि तेही पकडला गेलो म्हणून. एका सकाळी धीर करून खाली गेलो आणि म्हणालो, “डॉक्टर, मी तसं तोडून बोलायला नको होतं.”

“कायले? बैल मेला काय?” ते म्हणाले, आणि वर्तमानपत्र वाचत राहिले.

आठवडाभरानं ते अकोल्याला जाऊन आले. कानामागे बसणारं छोटं मशीन होतं. पहिला दिवस त्यांचा चेहरा दचकलेल्या वासरासारखा होता. काकूंच्या बांगड्या, पानांची सळसळ, सगळं एकदम अंगावर आलं. “सारं जग बकरीच्याच अँपवर टाकलं यानं,” असं म्हणाले. आणि काकूंना, “तू एवढी बोलत होती काय दिवसभर?”

“फुकट गेलं न सारं,” काकू म्हणाल्या. “आता पह्यल्यापासून सांगतो.”

मशीन कामाला आलं. थर्मामीटर ऐकू येऊ लागलं. शेतकऱ्याचा फोन पहिल्या रिंगला उचलला जाऊ लागला. पण त्या गाण्याला ते चालेना. मशीन लावून गाणं ऐकलं आणि त्यांनी ते लगेच काढून ठेवलं. “टाळ येते,” ते म्हणाले. “पत्र्याचा येते. आन् बाप पत्र्याचा होते. बापाले हातबी नाई लावाचा.”

मला वाटलं, संपलं. पण एका दुपारी, कुळीथ वाळत घातलेल्या गच्चीवर येऊन त्यांनी मला हाक मारली. “खाली या, साहेब. काम हाये.”

खिळा रिकामा होता. दावी पुन्हा स्पीकरला बांधलेली होती आणि दुसरा अँप कोपऱ्यात पडला होता, त्यावर काकूंनी आधीच फुलदाणी ठेवलेली. वेताची खुर्ची, मी त्या घरात पहिल्यांदाच पाहत होतो, रंगाच्या गोलांतून बाहेर सरकवून थेट स्पीकरच्या शेजारी आणली होती. डॉक्टर तिच्यात बसले. कानात मशीन नव्हतं. उजवा तळहात त्यांनी मोठ्या पडद्याखालच्या लाकडावर पसरला, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. डावा हात माझ्यापुढे केला.

“म्हैस माह्याकडं हाये. तिचं मले सारं समजते,” ते म्हणाले. “बकरीचं काम तुमी करा. टाळ पडला का इथं बोट मारा.” त्यांनी मनगट दाखवलं. “टाळ जसा पडीन तसाच. चुकला तं चुकलेलाच मारजा. सुधराचा नाई.”

मी स्टूल ओढून बसलो. गाणं सुरू झालं. मला तालातलं काही कळत नाही. पहिलं कडवं माझी बोटं गोंधळली. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. दुसऱ्या कडव्यात मी डोळे मिटले, आणि टाळ आणि त्यांची नाडी एका जागी येऊ लागली. त्यांच्या मनगटाखाली ती धडधडत होती, मी वर टकटकत होतो.

तिसरं कडवं आलं. मला सगळं पाठ होतं. बोट जिथे पडायला हवं तिथे मी ते उचलून धरलं. हवेत. टाळ आला नाही. अजून आला नाही. डॉक्टरांचा हात एकदम ताठ झाला. मग उशिरा, सपशेल उशिरा, टाळ पडला आणि मी बोट मारलं, घाईघाईनं दोनदा. आणि त्यांच्या वडिलांचा आवाज फुटला, हसला, “अरे डागदर!”

आणि डॉक्टर हसले. वडिलांच्या बरोबरच, एक क्षणही मागे नाही. इतके की खुर्ची करकरली, डोळ्यांतून पाणी आलं आणि काकू हात पुसत दारात आल्या.

गाणं संपलं. त्यांचा उजवा हात अजून लाकडावर होता. मी मान तिरकी केली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांना विचारलं, “फरक?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डावा हात पुन्हा पुढे केला.

“परत लावा,” ते म्हणाले.